चवळीची उसळ आणि मालीचं राजघराणं

आमच्या नागपूरच्या घरात कुणाला आडनाव विचारणं शिवीच्या खालोखाल वाईट मानलं जायचं. दारात नवा माणूस आला की बाबा त्याला पाणी द्यायचे, खुर्ची द्यायचे, कुठून आलात, जेवलात का, सगळं विचारायचे. आडनाव मात्र नाही. आडनाव म्हणजे आपल्याकडं माणसाच्या कपाळावर लावलेली पाटी. ती वाचली की समोरचा खुर्ची पुढं सरकवायची की मागं, हे ठरवतो. त्या पाटीपायी आमच्या आधीच्यांना भाड्याच्या खोल्या नाकारल्या गेल्या होत्या. बाबा म्हणायचे, "माणूस तहानलेला आहे का ते पाहा. पाटी काय वाचता?"

मी वाढले पुस्तिकांच्या गठ्ठ्यांवर. बाबा नोकरी सांभाळून पुस्तिका लिहायचे, छापायचे आणि मेळाव्यांत सतरंजी अंथरून विकायचे. दोन पिना मारलेली, पातळ रंगीत मुखपृष्ठाची, एका बैठकीत वाचून होईल अशी पुस्तिका. पलंगाखाली गठ्ठे, शिवणयंत्रावर गठ्ठे, पाहुणे आले की आम्ही गठ्ठ्यांवर बसायचो आणि पाहुणे खुर्चीवर. मी वाचायला शिकले तीच मुळी मुखपृष्ठांवरून. त्यामुळं उद्गारचिन्ह हाच पूर्णविराम, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. चौथीत 'माझा आवडता प्राणी' या निबंधाची सुरुवात मी "बंधू-भगिनींनो, किती दिवस सहन करणार!" अशी केली होती. पुढं गायीबद्दल दोन ओळी होत्या.

आता मी बॉनमध्ये असते. एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधते आणि त्यांना लेखी कळवते. पुस्तिकांच्या घरातल्या मुलीला याहून मनाजोगती नोकरी मिळणं कठीण. राहते एका वेगेमध्ये, म्हणजे वाटून घेतलेल्या भाड्याच्या घरात. दोन खोल्या, एक सामायिक स्वयंपाकघर. दुसऱ्या खोलीत माझी मैत्रीण. ती बामाकोची, म्हणजे माली देशाच्या राजधानीची. इथल्या एका क्लिनिकमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. उंच, खांदे रुंद, हसली की ताटं वाजतात. माझ्या मानेची तक्रार ऐकून घेताना ती मान धरायची आणि "आल्झो," म्हणजे जर्मनमध्ये तर मग, "आता ओरडू नकोस," म्हणायची. मी ओरडायची.

एका रविवारी सकाळी बाबांचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला आणि कांदा चिरत राहिले.

"बाई, एक विचारायचं होतं. आपल्याकडं आफ्रिकेवर पुस्तिका आहे नं, ती गुलामगिरीवरची. पण पोरं विचारतात, त्याच्या आधी तिथं काय होतं? काहून, राजे नव्हते का तिकडं?"

"होते की बाबा. मोठमोठी साम्राज्यं होती."

"मग लिही. बत्तीस पानं. चित्रं नको, शाई लागते."

मैत्रिणीनं विचारलं, काय म्हणतात? मी सांगितलं. तिनं हातातला चमचा खाली ठेवला. "मग माझ्यासमोर बसून कांदा काय चिरतेस?" ती म्हणाली. "मी ग्रिओंच्या घरातली आहे."

ग्रिओ म्हणजे माली आणि आजूबाजूच्या देशांतले इतिहास गाणारे लोक. राजांच्या वंशावळी, लढाया, करार, सगळं तोंडपाठ ठेवायचं, वाद्यावर गायचं, भांडणं मिटवायची आणि वेळ आली तर राजाला तोंडावर सुनवायचं. हे काम जन्मानं मिळतं. बापाकडून मुलाकडं, आईकडून मुलीकडं. मी लगेच म्हटलं, "म्हणजे जात."

"तुझ्याकडची जात नव्हे," ती म्हणाली. "आम्हाला कुणी विटाळ मानत नाही. उलट आमच्याशिवाय बारसं होत नाही."

"आणि लग्न?"

ती कांद्याकडं बघायला लागली. "लग्न... हो. लग्नाचं तसंच आहे. राजघराण्यातला मुलगा ग्रिओंची मुलगी करत नाही."

ही अडचण तिला पुस्तकातून कळलेली नव्हती. ती दर शुक्रवारी संध्याकाळी न्युरेम्बर्गहून रेल्वेनं येत होती. मैत्रिणीचा मित्र तिथं इंजिनियर होता. लाजाळू, काटकुळा, बुटांच्या नाड्या कायम सुटलेल्या. पण आडनाव मात्र मालीचं साम्राज्य उभं करणाऱ्या घराण्याचं. बामाकोत या आडनावाचे लोक वाटेल तितके आहेत, टॅक्सी चालवणारे, औषधं विकणारे, दात काढणारे. तरी आडनाव ते आडनाव. मी त्याला राजपुत्र म्हणायला लागले आणि राजपुत्र आला की त्याला भांडी घासायला लावायची. दोघांना लग्न करायचं होतं. त्याचे वडील वारलेले, घरात शब्द चालतो तो थोरल्या काकांचा. काका फ्रान्समध्ये निवृत्त होऊन राहिलेले. त्यांनी फोनवर एवढंच म्हटलं होतं, "मुलगी उत्तम आहे. पण हे होत नाही."

तर माझी पुस्तिका अशी सुरू झाली. ती सांगायची, मी मराठीत लिहून काढायची, आणि मधूनमधून आम्ही भांडायचो.

घराण्याचा उदय तिनं दोन हात कणकेत घालूनच सांगितला. संस्थापक राजा लहानपणी चालूच शकत नव्हता. राजाच्या धाकट्या राणीचा मुलगा, बसल्या जागी सरपटणारा. एकदा त्याच्या आईनं सवतीकडं गोरखचिंचेचा थोडा पाला मागितला, भाजीत घालायला. सवत म्हणाली, माझा मुलगा झाडावर चढून पाला आणतो, तुझ्या मुलाला सांग ना. आई रडत घरी आली. मुलानं लोखंडी कांब मागवली, तिच्यावर भार देऊन उभा राहिला आणि थेट जाऊन अख्खं झाडच उपटून आईच्या दारात आणून टाकलं.

"आता ग्रिओ म्हणून मी हे असंच सांगणार," ती म्हणाली. "पण फिजिओथेरपिस्ट म्हणून सांगते, एका दिवसात कोणी उभं राहत नाही. कुणीतरी बाईनं कितीतरी महिने त्याच्याकडून व्यायाम करून घेतला असणार. ती बाई गाण्यात नाही."

हे वाक्य मी जसंच्या तसं पुस्तिकेत घातलं.

पुढं सवतीच्या जाचानं त्याला आईबरोबर परागंदा व्हावं लागलं. इकडं शेजारच्या लोहार राजानं, जो मोठा मांत्रिकही होता, सगळा मुलूख घशात घातला. तेव्हा लोकांनी परदेशातून याला शोधून आणलं. यानं लहानसहान राज्यांना एकत्र केलं, मांत्रिक राजाचा पाडाव केला, आणि एका मैदानावर सगळ्या कुळांना बोलावून कोणाचं काम काय, कोणाचा मान काय, हे ठरवून दिलं. मालीचं साम्राज्य सुरू झालं. तिचा पूर्वज, त्या राजाचा ग्रिओ, त्या मैदानावर हजर होता. तेव्हापासून तिचं घराणं त्याच्या घराण्याचं गात आलं.

"कोणाचं काम काय हे जन्मावरून ठरवलं," मी म्हटलं. "पडायचं कारण पहिल्याच दिवशी पेरलं."

"तू आधी उभं तर राहू दे गं त्यांना!"

ऱ्हासाच्या भागात मला जास्त मजा आली, हे कबूल करायला हरकत नाही. राजाच्या मुलानं बरं राज्य केलं. नंतरचा एक राजा वेडसर निघाला. बाण मारून येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांना टिपायचा. लोकांनी त्याला संपवलं. आणि मग दरबारातल्या एका गुलामानं, जो मुक्त झाला होता, गादीच घेतली! घेतली आणि राज्य वाढवलं. मी बाबांना फोन केला. ते इतके खूश झाले की त्यांनी शेजाऱ्यांना हाक मारली. "गुलाम राजा झाला! बाई, हा मुखपृष्ठावर घे!"

"चित्रं नको म्हणाला होतात."

"शाई मी बघतो."

तो राजा मक्केहून परतताना मारला गेला. गादी पुन्हा घराण्याकडं आली. मग तो सोन्याचा राजा, ज्यानं यात्रेच्या वाटेवर कैरोत इतकं सोनं वाटलं की तिथं सोन्याचा भावच पडला. तो संस्थापकाच्या भावाच्या शाखेतला. त्याच्या पुढच्या पिढ्यांत दोन्ही शाखा एकमेकींच्या उरावर बसल्या. एकानं खजिन्यातला सोन्याचा मोठा गोळा, जो पूर्वजांनी मिरवायला ठेवला होता, तोच विकून टाकला. कारभार मंत्र्यांच्या हातात गेला, वाळवंटाकडून एकांनी व्यापाराची शहरं घेतली, पूर्वेकडून दुसऱ्यांनी प्रांत घेतले. शेवटी उरलेल्या तुकड्यावर शेवटच्या राजाचे तीन मुलगे भांडले, आणि तुकड्याचे तीन तुकडे झाले. त्यानंतर त्या घराण्यातल्या कुणी अख्ख्या मालीवर राज्य केलं नाही.

मी शेवटचं पान लिहिलं: 'जन्माच्या आधारावर उभं केलेलं घर जन्माच्या भांडणातच कोसळतं!' राजपुत्रानं जर्मनमध्ये ऐकून घेतलं आणि भांडी घासता घासता म्हणाला, "हे काकांना दाखवू नकोस."

काका येणार होते. समोरासमोर बोलायला, शेवटचं. मुलीच्या घरी यायचं म्हणून आमच्या वेगेत, रविवारी दुपारी जेवायला. मैत्रिणीनं आदल्या दिवशीच शेंगदाण्याच्या दाट रश्श्यातलं मटण करून ठेवलं. मला एवढंच म्हणाली, "त्यांनी नाही म्हटलं तर तो लग्न करेल माझ्याशी, पण घर सोडून. आणि मला घर तोडून आणलेला मुलगा नको. मी ग्रिओंची आहे, आम्ही घरं जोडतो. मग मीच नाही म्हणेन." राजपुत्राला हे तिनं सांगितलेलं नव्हतं. मला सांगितलं.

रविवारी सकाळी ती दोघं काकांना आणायला हाउप्टबानहोफवर, मुख्य स्टेशनावर, गेली. घरात मी एकटी. वाटलं, आपणही पाहुण्यांसाठी काहीतरी करावं. घरात चवळी होती. नागपूरहून आलेला काळा मसाला होता. मी सणसणीत उसळ केली, वर कोथिंबीर घातली आणि टेबलाच्या मधोमध, मटणाच्याही पुढं, ठेवली.

काका आले. हिवाळी कोटाखाली लांब करडा बुबू, म्हणजे त्यांच्याकडचा पायघोळ झगा, डोक्यावर टोपी. तरुणपणी लायप्झिगला शिकलेले, त्यामुळं जर्मन स्वच्छ. मी मनात सगळी शस्त्रं परजून बसले होते, पण माणूस वाकडं वागेना. मैत्रिणीला त्यांनी तिच्या कुळाच्या नावानं पुन्हा पुन्हा, मान झुकवून नमस्कार केला. तिच्या वडिलांची, आजोबांची विचारपूस केली. रेल्वे उशिरा आली त्याबद्दल जर्मनीचं सांत्वन केलं. सगळं बोलले, लग्नाचं नाव काढलं नाही. आदर भिंतीसारखा मधे उभा होता आणि भिंतीला दार नव्हतं.

तेवढ्यात बेल वाजली. राजपुत्रानं मध्यस्थीसाठी एका मावशींना बोलावलं होतं. कोलोनमध्ये त्यांचं केस विणायचं दुकान आहे. मावशी आत आल्या, चकचकीत पिवळा पोशाख, हातात जड पिशवी. काकांना पाहिलं आणि दारातूनच ओरडल्या,

"अरे, हा माझा गुलाम इथं काय करतोय? ऊठ! मालकीण आली की उभं राहायचं असतं हे आईनं शिकवलं नाही का? ही पिशवी घे!"

आणि काका खरंच उठले.

मी काय केलं असेल, ते पुस्तिकांच्या घरात वाढलेल्या कुणालाही सांगायची गरज नाही. मी खुर्ची मागं ढकलून उभी राहिले. "माफ करा," मी म्हटलं, "या घरात कोणी कोणाचा गुलाम नाही! हे घर माझंही आहे. माणसाला गुलाम म्हणणाऱ्याला इथं बसायला जागा नाही, मग तो कोणत्याही कुळाचा असो!" यापुढंही बरंच बोलले. मानवी प्रतिष्ठा आली, समता आली, हात वर गेला. काकांच्या विरोधात परजलेली सगळी शस्त्रं मी काकांच्या बचावासाठी वापरून टाकली.

राजपुत्रानं तोंडावर हात ठेवला होता. मैत्रीण छताकडं बघत होती. काकांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. ते हसत होते. हसता हसता खाली बसले, टोपी काढली, टोपीनंच डोळे पुसले.

"हिला कुठून आणलंत?" ते म्हणाले. "माझ्यासाठी इतकं कुणी भांडलं नव्हतं. माझी बायकोसुद्धा नाही!"

मग मला समजावण्यात आलं. मालीत काही कुळांमध्ये थट्टेचं नातं असतं. त्या मैदानावरच्या सभेतच ते ठरलं, असं मानतात. या कुळाच्या माणसानं त्या कुळाच्या माणसाला वाटेल ते बोलावं, आपला गुलाम म्हणावं; दुसऱ्यानं सव्याज परत करावं; रागवायचं मात्र कुणीच नाही. म्हणून कठीण बोलणी असतील तर थट्टेच्या कुळातलं माणूस आणतात. त्याला नाही म्हणणं जड जातं. मावशींचं आणि काकांचं कुळ असं एकमेकांचं.

"हे मला आधी का नाही सांगितलं?" मी मैत्रिणीला विचारलं.

"पाणी ओलं असतं हे कधी सांगितलं होतं तुला?"

"ठीक आहे. थट्टा समजली. तरी तो शब्द मला थट्टेतही नको."

मावशींचं हसू जरा उतरलं. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे तुझं. आमच्या गावाकडं अजून अशी घरं आहेत ज्यांना लोक खरंच तसं म्हणतात. ती या थट्टेवर हसत नाहीत." काकांनी मान हलवली. त्या दिवशी तो शब्द पुन्हा कोणी काढला नाही. त्यांनी जन्मभर सोडला, असं मी म्हणणार नाही.

मावशी माझ्याकडं वळल्या. "आडनाव काय गं तुझं?"

"आम्ही सांगत नाही," मी म्हटलं.

"का? चोरीचं आहे?"

मी सांगितलं का ते. पाटी, खुर्ची, भाड्याच्या खोल्या. काका लक्ष देऊन ऐकत होते. "विचित्र आहे," ते म्हणाले. "आमच्याकडं आडनाव विचारतात ते कुणाला शिव्या द्यायची मुभा आहे हे कळावं म्हणून."

"आणि कुणाशी लग्न करायचं नाही, तेही कळावं म्हणून," मी म्हटलं.

राजपुत्रानं पुन्हा तोंडावर हात ठेवला. पण मावशींनी टेबलावर थाप मारली. "बिनआडनावाची पोरगी टेबलावर बसवणं बरं नाही. आजपासून तू माझ्या आडनावाची. पाहुण्याला आम्ही देतो आडनाव. दिलं! आता बोल याला काय बोलायचं ते. याला रागवता येणार नाही."

ज्या घरात आडनाव विचारत नव्हते त्या घरातल्या मुलीला आडनाव फुकट मिळालं, तेही राजाला शिव्या द्यायच्या परवान्यासकट. मी काकांकडं पाहिलं. काकांनी दोन्ही हात पसरले, म्हणजे, या.

"पहिल्यांदा काय म्हणायचं असतं?" मी मावशींना विचारलं.

"'चवळी खाणाऱ्या' म्हण. ती सगळ्यात जुनी शिवी. चवळी खाणारा, म्हणजे हलका, पोटात गुडगुड, बैठकीत बसवायच्या लायकीचा नाही असा."

मी टेबलाच्या मधोमध ठेवलेल्या उसळीकडं पाहिलं. मैत्रिणीनं पाहिलं. काकांनी पाहिलं, वाकून, चष्मा वर करून.

"ही... चवळी आहे?" काका म्हणाले.

त्यानंतर जे झालं त्याला हसणं म्हणता येणार नाही. मावशी भिंतीला टेकल्या. मैत्रीण खरोखर जमिनीवर बसली. खालच्या मजल्यावरून काठीनं छत ठोकलं गेलं, कारण रविवारी जर्मनीत मोठ्यानं हसायलाही तशी मनाई आहे. "न बोलता शिवी देते!" मावशी म्हणत होत्या. "वरून कोथिंबीर घालून देते!" काकांनी शांतपणे ताटात भलीमोठी वाढून घेतली. एक घास खाल्ला, काळ्या मसाल्यानं कपाळावर घाम आला, आणि म्हणाले, "ही शिवी झोंबते."

मग मी बोलले. पुस्तिकेचा कच्चा खर्डा डोक्यात होताच.

"काका, चवळी खाणारे काका, तुमच्या घराण्याचा मी नीट अभ्यास केला आहे. एक राजा लोकांवर बाण मारायचा. एकानं पूर्वजांचं सोनं विकलं. तुमच्यातला सगळ्यात कर्तबगार गडी तर तुमच्या घराण्यातला नव्हताच. शेवटी तीन भावांनी राज्याचे तीन तुकडे केले. सोनं गेलं, शहरं गेली, घोडे गेले. मग उरलं काय? गाणं. ते कोणी जपलं? हिच्या घरानं. तुमच्या पूर्वजाला उभं कोण करतं अजून, रोज, दर बारशाला? हीच माणसं. त्यांनी एक पिढी तोंड बंद ठेवलं असतं तर तुमच्या आडनावाला आज फक्त टपालवाला ओळखत असता. आणि तुम्ही म्हणता, ही गाऊ दे, पण ताटाला ताट लावून बसू नये!"

काका हसले, पण आता वेगळं. बोटं पुसली. "शिवी चांगली होती," ते म्हणाले. "आता मी थट्टा नाही करत, उत्तर देतो. तू समजतेस आम्ही त्यांना खालचे मानतो. काही मानत असतील. माझं कारण निराळं आहे. माझ्या बापाला गावात एकच माणूस तोंडावर 'तू चुकलास' म्हणू शकायचा, आमचा ग्रिओ. कारण तो घरातला नव्हता. सून घरातली होते. सून सासऱ्याला काय सुनावणार? मी हिला सून केली तर सून मिळेल, पण आम्हाला खरं सांगणारं तोंड जाईल. घराणं त्यानं पडतं, मुली. तुझ्या पुस्तिकेत हे आहे का?"

नव्हतं. मला सुचलेलं उत्तर उद्गारचिन्हाचं होतं आणि इथं पुरणारं नव्हतं.

उत्तर मैत्रिणीनं दिलं. तोवर ती जमिनीवरून उठून खुर्चीवर बसली होती.

"काका, तुम्ही आल्यापासून डाव्या पायावर भार देत नाही आहात. जिना चढताना थांबलात आणि फोन बघतोय असं दाखवलंत. डॉक्टरांनी व्यायाम सांगितले असतील, तुम्ही करत नाही. आणि घरच्यांना सांगता की करतो."

काकांनी पुतण्याकडं पाहिलं. पुतण्यानं घाईनं मान हलवली, मी काही बोललेलो नाही.

"मी दिवसभर हेच करते," ती पुढं म्हणाली. "तालेवार लोक येतात, खोटं बोलतात, मी त्यांना त्यांच्या गुडघ्याचं खरं सांगते. माझं तोंड तुमच्या उंबरठ्यावर गळून पडणार नाही. आणि गाणारा माझा भाऊ आहेच बामाकोत. त्याला तर तुमच्या घराण्याला बोलायला कारणच हवं असतं."

काकांनी डावा गुडघा चाचपला. मग मावशींना म्हणाले, "हे तोंड घरात आलं तर मला व्यायाम करावा लागेल."

"रोज," मैत्रीण म्हणाली.

"गेनाऊ," मावशी म्हणाल्या, म्हणजे अगदी बरोबर.

"कोला आणा," काका म्हणाले.

कोला म्हणजे कोलाची फळं, चेस्टनटएवढी, कडू. मुलाकडच्यांनी ती मुलीकडं द्यायची. त्याशिवाय मागणी घातली असं होत नाही. राजपुत्र उठून धावला, एका बुटात. दारापाशी थांबला. "काका, आज रविवार आहे."

बॉनमधलं एकूण एक दुकान बंद. आफ्रिकेचं सामान विकणारं आफ्रोशॉपसुद्धा. पिढ्यान् पिढ्यांच्या साम्राज्यांना जे थांबवता आलं नाही ते जर्मन रविवारनं थांबवलं. काकांचं परतीचं तिकीट संध्याकाळचं. क्षणभर मला वाटलं, गेलं. रेल्वेत बसले की माणसाचं मन पुन्हा आपल्या जागी येतं. मैत्रिणीच्या चेहऱ्यावरही तेच होतं. पण काकांनी तिकीट खिशात घातलं आणि विचारलं, "सोफा उघडतो का?"

रात्री ते आमच्या सोफ्यावर झोपले. सकाळी मैत्रिणीनं त्यांच्याकडून व्यायाम करून घेतला आणि ते माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडले. मी ऑफिसात कळवलं की आज उशिरा येईन, घरगुती कारण. कारण कळवताना जरा छाती फुगली.

आफ्रोशॉप उघडायच्या आधीच आम्ही दारात होतो. काकांनी एकेक कोला हातात घेतला, दाबून पाहिला, नखानं ओरखडा काढला, नाक मुरडलं. "हा म्हातारा आहे. हा आजारी आहे. हा तर तुझ्या आडनावाचा दिसतो." शेवटी दहा निवडले, मागणीला दहाच द्यायचे म्हणून. कागदात गुंडाळले. घरी आलो. मावशी पुन्हा कोलोनहून आल्या होत्या, दुकान बंद ठेवून.

अडचण पुढंच होती. कोला मुलीच्या थोरल्यांच्या हातात द्यायचा असतो. तिची माणसं बामाकोत. फोनवर तिच्या वडिलांनी विचारलं, तिथं तुझ्या घरात कोण आहे? ती म्हणाली, ही आहे. वडील म्हणाले, मग हिला द्या. तर घराण्याच्या थोरल्या काकांनी, पाठ ताठ करून, दोन्ही हातांनी ती पुडी माझ्यासमोर धरली आणि त्यांच्या भाषेत लांबलचक काहीतरी म्हणाले. राजपुत्रानं सांगितलं, एका दारात आलोय, आतल्या फुलाचा वास आला म्हणून, असं काहीसं.

मी पुडी घेतली. आता काय?

"आता तू 'मिळालं' म्हणायचं," मावशी कुजबुजल्या. "झालं मग. कोला फोडून वाटला की होकार पक्का."

"आणि हिला कोण विचारणार?"

"तिला काय विचारायचं? तिच्यासाठीच तर चाललंय!"

"तरी," मी म्हटलं. "मी तिच्याकडची आहे ना? मग मी विचारल्याशिवाय घेणार नाही."

काकांनी मावशींकडं पाहिलं. मावशींनी खांदे उडवले, आडनाव मी दिलं खरं, पण डोकं तिचं आहे. मी पुडी टेबलावर ठेवली, मैत्रिणीच्या समोर, आणि विचारलं. मुद्दाम पूर्ण वाक्यात. या घरातला हा मुलगा, हे काका, हे सगळं. तुला हवं आहे का?

तिनं पुडीकडं पाहिलं. राजपुत्राकडं पाहिलं. मग घड्याळाकडं पाहिलं.

"मला थोडा विचार करू द्या," ती म्हणाली.

राजपुत्राचा रंग उडाला. काकांनी डावा पाय बदलला. मावशी बोलायला निघाल्या, मी हात करून थांबवलं. विचारलं आहे तर वेळही द्यायला हवा. ती खिडकीपाशी गेली, खाली ट्राम जाताना बघितली, परत आली, निवांत पुडी सोडली, एक कोला उचलून दातांनी तोडला आणि चेहरा वेडावाकडा करत अर्धा तुकडा त्याच्या हातावर ठेवला.

"कडू आहे," ती म्हणाली. "चाव."